अंडं कुणी आणलं

मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नाशकात ज्यांनी माझ्या नावाने बोटं मोडली त्यांतल्या बहुतेकांची खात्री होती की मी मुंबईच्या कॉलेजात रोज सकाळी उकडलेली अंडी खाऊनच बी.एस्सी. झाले. खाल्लं असतं तर तसं सांगितलंही असतं, मला कुणाची चोरी नव्हती. पण नाही खाल्लं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अंडी हाताळली, फोडली, त्यांच्या बलकातून लेसिथिन काढलं आणि घरी येऊन हातपाय धुऊन वरणभात जेवले. एवढ्याशा गोष्टीवरून पुढे एका मुलीची शाळा सुटली, याचा संताप मला अजून येतो. आता वय झालंय, डॉक्टर म्हणतात चिडू नका. या एका बाबतीत मी डॉक्टरांचं ऐकत नाही.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. नाशकातल्या एका मुलींच्या शाळेत मी शास्त्र शिकवत होते. शास्त्र म्हणजे शरीरशास्त्र आणि आरोग्य, कारण मुलींना तेवढं पुरे असं शाळेच्या मंडळाचं मत होतं. जिन्याखालच्या खोलीला प्रयोगशाळा म्हणत. तिथे एक लांब मेज, काचेच्या थोड्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि माणसाच्या शरीराचा एक रंगीत तक्ता होता. त्या तक्त्यावरची माणसाची आकृती उघडी आहे म्हणून मंडळातल्या कुणीतरी तिला कमरेखाली कागद चिकटवला होता. म्हणजे माणसाला पोट होतं, काळीज होतं, मेंदू होता, आणि खाली कागद होता. अशा मंडळाच्या हाताखाली मी नोकरी करत होते, हे लक्षात ठेवा.

मंडळाचे अध्यक्ष वकील होते. गाव त्यांना वकीलसाहेब म्हणे. मेनरोडवर त्यांचं मोठं घर, घरात सोवळं कडक. कोर्टातून आले की आंघोळ केल्याशिवाय माजघरात पाऊल टाकायचे नाहीत. एका उन्हाळ्यात त्यांना चक्कर यायला लागली, झोप लागेना. मुंबईच्या डॉक्टरांनी मज्जातंतू अशक्त झालेत असं सांगून एक विलायती टॉनिक दिलं. त्या टॉनिकात लेसिथिन नावाचं द्रव्य होतं. वकीलसाहेबांना गुण आला, आणि तेव्हापासून त्यांनी गावाला लेसिथिनने नको जीव करून सोडलं. देवळात, कोर्टाच्या बाररूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथे बसतील तिथे लेसिथिन. मेंदूचं अन्न आहे म्हणायचे. रोज जेवणानंतर सोवळ्यातच, पाटावर बसून, चांदीच्या चमच्याने घ्यायचे.

शाळेच्या संमेलनात त्यांनी टॉनिकची बाटली हातात धरून यावर भाषणच ठोकलं. मुलींनीही असं आधुनिक ज्ञान मिळवलं पाहिजे, आपल्या मेंदूत काय आहे ते त्यांना कळलं पाहिजे, वगैरे. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "बाई, मुलींना हे लेसिथिन प्रत्यक्ष दाखवा. नुसती घोकंपट्टी नको. डोळ्यांनी बघू दे त्यांना."

शेजारी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, उभ्या होत्या. त्यांनीही मान डोलावली. मला काय, आनंदच झाला. या शाळेत आजवर कुणी मला काही प्रत्यक्ष दाखवा म्हटलं नव्हतं.

आता लेसिथिन ही काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे. आजकालच्या पुस्तकांत त्या सगळ्या कुळाला फॉस्फोलिपिड म्हणतात. तेलातुपाच्याच जातीचा पदार्थ, पण त्याचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं तेलाला. त्यामुळे पाणी आणि तेल, ज्यांचं एकमेकांशी मुळीच जमत नाही, ती दोघं त्याच्या मध्यस्थीने एकत्र नांदतात. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती जे आवरण असतं ते याच पदार्थांचं. आत पाणी, बाहेर पाणी, आणि मध्ये हा स्निग्ध पापुद्रा. मी कॉलेजात असताना आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं की हा पापुद्रा जेमतेम दोन कणांच्या जाडीचा असावा, असं तिकडच्या लोकांना आढळलंय. मला त्या रात्री झोप आली नव्हती. माणूस म्हणून आपण एवढा ताठा मिरवतो, आणि आत आणि बाहेर यांच्यामध्ये आहे काय, तर दोन कणांचं तेल.

लेसिथिन दाखवायचं तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अंड्याचा बलक. मॅट्रिकच्या वर्गात एक मुसलमान मुलगी होती. सबंध शाळेत ती एकटीच. तिचे वडील कल्हईवाले. गावातली निम्म्याहून अधिक घरं आपली पितळी भांडी त्यांच्याकडूनच कल्हई करून घेत, आणि सगळे त्यांना चाचा म्हणत. भद्रकालीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, अंगणात कोंबड्या. मुलगी हुशार म्हणजे किती हुशार! प्रश्न विचारून माझा पिच्छा पुरवायची. तिला डॉक्टरीण व्हायचं होतं, आणि त्यासाठी आधी मॅट्रिक व्हायला हवं होतं. प्रयोगाचं नाव काढलं की सगळ्यांच्या आधी तिचा हात नळीवर. मी तिला म्हटलं, "तुमच्याकडे कोंबड्या आहेत ना? उद्या एक अंडं आणशील?"

दुसऱ्या दिवशी तिने ते पितळी डब्यात, कोंड्यात पुरून आणलं. वाटेत फुटू नये म्हणून डबा ओढणीत धरून आली होती. डब्याच्या आतली कल्हई नुसती लखलखत होती.

मी एका नळीत पाणी आणि गोडं तेल घातलं, हलवलं, आणि ठेवून दिलं. तेल वर आलं. पुन्हा हलवलं, पुन्हा वर आलं. मग अंडं फोडून थोडा बलक त्यात सोडला आणि नळी त्या मुलीच्या हातात दिली. बाकीच्या मुलींनी पदर नाकाला लावले होते. वास येत होता का? अजिबात नाही. पण अंडं दिसलं की नाकाला पदर लावायचा, हे त्या आईच्या मांडीवर शिकून आल्या होत्या. त्या मुलीने नळी हलवली आणि पाहता पाहता सगळं दुधासारखं एक झालं. ठेवलं तरी वेगळं होईना. पदर खाली आले, मुली पुढे सरकल्या. एकीने तर "अगं बाई!" म्हटलं.

वर्गात वकीलसाहेबांची नात होती. साधी, भाबडी पोर. तिने विचारलं, "बाई, आजोबांच्या औषधातलं लेसिथिन ते हेच का?"

"हेच."

"म्हणजे ते अंड्यातलं असतं?"

"अंड्यातलंच असतं," मी म्हटलं.

तेवढ्यात घंटा झाली आणि धडा अर्धा राहिला. पेशीच्या आवरणाचं मी उद्या सांगणार होते. तो उद्या काही लवकर उजाडला नाही.

संध्याकाळी नातीने आजोबांना आनंदाने सांगितलं की तुमच्या औषधात काय असतं ते आज आम्ही पाहिलं. त्या घरात पुढे काय झालं ते मला कळायला वेळ लागला नाही, कारण सकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. वकीलसाहेबांनी पंचगव्य घेतलं म्हणे. मी शाळेत आले तर जिन्याखालच्या खोलीत गोमूत्र शिंपडलेलं, मेज धुऊन अंगणात उन्हात टाकलेलं, आणि माझ्या काचनळ्या, ज्या मिळवायला मी वर्षभर अर्ज केले होते, त्या शिपायाने कचऱ्यात फोडलेल्या. ज्या माणसाने मला हे प्रत्यक्ष दाखवा म्हणून सांगितलं, भरसभेत सांगितलं, त्याचं नाव कुणी काढेना. जणू ते भाषण झालंच नव्हतं, टाळ्या पडल्याच नव्हत्या.

बरं, शिक्षा मला करतील, तर तेही नाही. मला काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं म्हटलं की वकीलसाहेबांचा चमचा मध्ये आला असता. म्हणून नाव कमी झालं ते त्या मुलीचं. शाळेत अभक्ष्य पदार्थ आणला, हे कारण.

मी तडक मंडळाच्या बैठकीत गेले. मला बोलावलं नव्हतं, तरी गेले. म्हटलं, "अंडं मी मागवलं होतं. तिने माझी आज्ञा पाळली. काढायचं तर मला काढा."

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही मागवलं असेल, बाई. आणलं तिने."

मोठ्या बाई छताकडे बघत होत्या. बाकीची चार-पाच विद्वान मंडळी आपापल्या उपरण्याकडे. एकाही माणसाला असं विचारावंसं वाटलं नाही की वकीलसाहेब, ते लेसिथिन पोटात घालणारं कोण? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, "आणि दाखवा म्हणून सांगितलं ते तुम्ही." त्यावर बैठक संपल्याचं जाहीर झालं.

दोन दिवसांनी वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. दिवाणखान्यात बसवलं, चहासुद्धा विचारला. आवाज एकदम मऊ. म्हणाले, "बाई, तुमचा जीव त्या मुलीत आहे, मी जाणतो. मलाही वाईट वाटतं. एक करा. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर एवढंच सांगा, की माझी चूक झाली. औषधातलं लेसिथिन वेगळं, ते वनस्पतीतून काढतात. अंड्यातलं ते निराळं. तुम्ही शास्त्र शिकलेल्या, तुमच्या शब्दाला वजन आहे. मग त्या मुलीचं मी बघतो."

म्हणजे मुलीने काय आणलं याच्याशी यांना कर्तव्य नव्हतंच. यांना आपला चमचा धुऊन हवा होता, आणि तो धुवायला माझी जीभ हवी होती.

"वनस्पतीतूनही काढतात, हे खरं आहे," मी म्हटलं. "सोयाबीनमधून काढतात. दुधातही असतं, माणसाच्या मेंदूतही असतं. हे सगळं मी आनंदाने सांगेन. पण तुमच्या बाटलीतलं अंड्यातलं आहे. बाटलीवर तसं ठळक अक्षरांत छापलेलं आहे. तुम्ही वकील, दस्तऐवजातला कानामात्रा सोडत नाही, आणि एवढं वाचलं नाही?"

"वाचलं असतं तर घेतलं असतं का?" ते एकदम कडाडले.

"मग आता वाचलंत. सोडून द्या. मुलीचा काय संबंध?"

ते उठून आत गेले. चहा तसाच राहिला. परत येताना वाटेत मी स्वतःशीच मोठ्याने बोलत होते, लोक वळून बघत होते. एक वाक्य खोटं बोलले असते तर मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात आली असती. माझ्या खरेपणाची किंमत तिने मोजायची, हा पेच त्या माणसाने माझ्या गळ्यात अडकवला आणि वर वाईट वाटतं म्हणून सांगितलं!

मग मोठ्या बाईंनी मध्यस्थी केली. त्यांचं मन वाईट नव्हतं, फक्त त्याला कणा नव्हता. त्यांनी मंडळाकडून एक तोड आणली. मुलीने यावं, पण वर्गात दाराशी, वेगळ्या पाटावर बसावं, आणि प्रयोगशाळेत कशाला हात लावू नये. मला म्हणाल्या, "घ्या पदरात पाडून. परीक्षा जवळ आलीय." मला निरोप घेऊन जायचीही लाज वाटत होती, पण निर्णय तिच्या घरच्यांचा होता, माझा नव्हता. म्हणून गेले.

चाचा दारापुढेच काम करत होते. जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, बाजूला भाता. एक मोठं पातेलं त्यांनी तापवलं, आत नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला, आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने त्यांनी आतून एक हात दिला. काळवंडलेलं पातेलं बघता बघता चांदीसारखं झालं. मी रसायनशास्त्राची, मला त्या नवसागराच्या वासानेसुद्धा बरं वाटतं. मुलगी उंबऱ्यात बसून ऐकत होती.

मी सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी काय मागितलं तेही, आणि मी नाही म्हटलं तेही. आणि शेवटी दाराशी बसायचं ते. त्यांनी पातेलं पाण्यात बुडवलं, चर्र झालं. मग म्हणाले, "खोटं नाय बोलला, ते बरं केलं बाई. खोटं बोलून परत आणलेल्या पोरीला कोन बी उद्या पुन्हा हाकलंल."

"आणि दाराशी?"

"दाराशी नाय." त्यांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते, धुराने की कशाने, मला ठाऊक नाही. "घरी बसंल. पन दाराशी नाय बसनार माझी पोर. हे पातेलं कुनाचं हाय, माहीत हाय का तुम्हाला? वकीलसाहेबांचं. कढीचं पातेलं. आतून माझा हात फिरतो, त्यात त्यांची कढी उकळते, देवाला निवेद जातो, तेव्हा काय इटाळ होत नाय. माझ्या पोरीच्या हातच्या एका अंड्यानं सगळं बाटलं!" त्यांनी पातेलं पुसून बाजूला ठेवलं. "हाती घेतलंय ते पुरं करून देतो. पुढचं नाय."

तेव्हा मला वाटलं की ते रागात बोलून गेले. मी फक्त एवढंच ठरवलं की शाळा सुटली की इथे यायचं आणि मुलीला शिकवायचं.

ते मी केलं. रोज त्या अंगणात, कोंबड्या पायात घुटमळताहेत, पलीकडे भाता चालू आहे, आणि आमचं शरीरशास्त्र. अर्धा राहिलेला धडाही मी तिथेच पुढे नेला. पेशीचं आवरण समजावताना कल्हईचं उदाहरण आपोआपच आलं. पितळी भांड्याला आतून कल्हई असते म्हणून ताक कळकत नाही, पितळेचा कस त्यात उतरत नाही. थर किती, तर नखाने खरवडला तरी जाणवणार नाही. पण तो गेला की तेच ताक विष होतं. पेशीचं आवरणही असंच पातळ, आणि तेवढंच मोलाचं. तिने लगेच विचारलं, "बाई, कल्हई उडते तसं ते पण उडतं का?" मी म्हटलं, उडतं. नागाच्या विषात एक द्रव्य असतं, ते लेसिथिनचा लचका तोडतं, मग रक्तातल्या तांबड्या पेशींचं आवरण टिकत नाही, त्या फुटतात. मग म्हणाली, "म्हणजे माणूस विषाने नाही मरत, कल्हई उडाल्याने मरतो." हे काही सगळं बरोबर नव्हतं, पण अशी मुलगी घरी बसलेली होती, आणि नाकाला पदर लावणाऱ्या बाकावर होत्या.

त्या आवरणाविषयी पुढे पुष्कळ कळलं. तेव्हा आम्ही समजत होतो की प्रथिनं त्या स्निग्ध पापुद्र्यावर वरून फासल्यासारखी असतात. आता कळलंय की कित्येक प्रथिनं त्यात रुतून, आरपार बसलेली असतात, आणि तीच दारं उघडतात, निरोप आत नेतात, क्षार आतबाहेर करतात. त्यांना त्या स्निग्ध शेजारातून उपटून बाहेर काढलं तर त्यांतल्या कित्येकांचं काम थांबतं. प्रथिन तेच असतं, त्यात काही खोट आलेली नसते. नुसतं जागेवरून काढलेलं असतं. हे मी म्हातारपणी वाचलं तेव्हा मला कोण आठवलं असेल, ते सांगायला नको.

असे काही आठवडे गेले. वकीलसाहेबांच्या घरी नातवाची मुंज ठरली. मोठी पंगत, म्हणजे माळ्यावरची मोठी पितळी पातेली, घंगाळी, वगराळी सगळी खाली आली. ती कल्हई करायला चाचांकडे पाठवली, तर तशीच परत आली. दुसऱ्या कल्हईवाल्याकडे पाठवली. तो चाचांचा चुलत भाऊ. तिसरा मेव्हणा. नाशकात कल्हईवाले होतेच किती, आणि होते ते सगळे एकमेकांचे सोयरे. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. हाताला काम आहे, सवड नाही, एवढंच सगळे सांगत. त्र्यंबकला माणूस पाठवला, तिथेही सवड नव्हती.

एका दुपारी माझ्या खोलीच्या दारात वकीलसाहेबांच्या पत्नी उभ्या. मी त्यांना काकू म्हणत असे. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, चेहरा लालबुंद. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मला एक खरं सांग. ह्यांच्या औषधात अंडं असतं की नाही?"

"बलकातलं लेसिथिन असतं. होय."

"वाटलंच मला. आणि त्या पोरीला काढलं ते ह्याच्यापायी?"

"ह्याच्यापायीच, काकू."

"ह्यांच्या एका चमच्यापायी माझी भांडी हिरवी पडली!" त्या कडाडल्या. "काल पाहुण्यांसाठी माळ्यावरच्या पातेल्यात कढी केली, कल्हई उडालेली होती. कळकली. सगळी ओतून दिली. चार दिवसांनी अख्खं गाव जेवायला येणार, कढी कशात करू? ह्यांच्या पगडीत?" मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "उद्या पोर वर्गात दिसेल. मी बघते कोण अडवतं ते."

"दाराशी?"

"दाराशी कशाला? होती तिथे."

त्या निघाल्या तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "काकू, वकीलसाहेबांनी औषध सोडलं असेल ना आता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच बावळट आहे. "सोडतात कसले! पूर्वी पाटावर बसून घेत होते. आता खोलीचं दार लावून घेतात."

मी हसले नाही. मला हसूच आलं नाही. पंचगव्य झालं, माझ्या नळ्या फुटल्या, एका मुलीची शाळा गेली, आणि चमचा आपला चालूच होता. मी खरं सांगितलं होतं, पुराव्यासकट सांगितलं होतं, त्याने त्या घरातलं पानसुद्धा हललं नव्हतं. हललं ते कढी कळकल्यावर.

काकूंनी शब्द पाळला. शाळेचा शिपाई चाचांकडे निरोप घेऊन गेला. चाचांनी त्याला एकच विचारलं म्हणे, "बसायची जागा जुनीच ना?" जुनीच म्हटल्यावर त्यांनी भट्टी पेटवली. मुंजीची कढी चांगली झाली असं मी ऐकलं.

मुलगी वर्गात आली, आपल्या बाकावर बसली. मोठ्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "आता विषय वाढवू नका हं." त्या दिवशी मी साधा प्रयोग घेतला, चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती पांढरी करायचा. कुठूनतरी मिळवलेली एकच नळी होती. मी ती त्या मुलीपुढे धरली. ती जागची हलली नाही. हात मांडीवर, ओढणीखाली. मग हळूच म्हणाली, "बाई, मी हात लावू?"

प्रयोगाचं नाव काढलं की जिचा हात आधी पुढे यायचा, ती मला विचारत होती, हात लावू का. मुलगी परत आली म्हणून जे खूश होते त्यांनी तिचं हे बोलणं ऐकलं नाही. मी ऐकलं. तेवढा संताप मला त्या बैठकीतही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले आणि एक अंडं विकत घेतलं. पिशवीत टाकलं नाही, पदराखाली लपवलं नाही. उघड्या तळहातावर घेतलं आणि भर मेनरोडवरून चालत निघाले. लोक थबकले. कुणीतरी "अहो मास्तरीणबाई" म्हणून हाक मारली. वकीलसाहेबांच्या घरावरून जाताना मी मुद्दाम पावलं हळू टाकली. जूनमध्ये ही शाळा मला पुन्हा बोलावणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि झालंही तसंच.

वर्गात जाऊन मी ते अंडं सगळ्यांसमोर मेजावर ठेवलं. ते घरंगळू नये म्हणून खाली रुमाल घातला. पाणी आणि तेल काढून ठेवलं. म्हटलं, "मागचा धडा अर्धा राहिला होता. हे अंडं मी आणलंय. घरी कुणी विचारलं तर सांगा, बाईंनी आणलं."

मी नळी पुढे केली.

ती उठली. हात लावू का, असं तिने विचारलं नाही.